आक्का, तुमच्या पुरचुंडीतली माती

आक्का, काल विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि तुमच्या भावानं तुमची भरपूर स्तुती केली. पांढरा सदरा घातला होता, इस्त्री मीच केली होती. म्हणाले, "आमची बहीण गयाबाई शिकलेली नव्हती. पण चूक कळल्यावर तिनं याच विहारात, याच जागी उभं राहून अंधश्रद्धेला सोडचिठ्ठी दिली. समाजानं तिचा आदर्श घ्यावा." लोकांनी माना डोलावल्या. मी बायकांच्या पुढच्या रांगेत बसले होते. तुम्ही असता तर पदर तोंडावर धरून हसला असता आणि मला चिमटा काढून म्हणाला असता, "गप बस कमल, बोलू दे त्याला." जन्मभर तुम्ही हेच केलंत, त्यांना बोलू दिलंत आणि मला गप्प बसवलंत. आता चिमटा काढायला तुम्ही नाही, म्हणून बोलते. तुमच्याशीच बोलते, कारण दुसरं कुणी ऐकणारं नाही.

गावाच्या लेखी तुम्ही करणीवाली म्हणून मेलात. भावाच्या भाषणात सुधारलेली बाई म्हणून मेलात. दोन्ही खोटं आहे आणि दोन्ही खोटं आहे हे ठाऊक असलेली या घरात मी एकटी उरले आहे. नणंद गेल्यावर भावजयीला सुटल्यासारखं वाटतं म्हणतात. मला तर तुम्ही तुमचं ओझं माझ्या डोक्यावर देऊन पुढं निघून गेल्यासारखं वाटतं. रागच येतो तुमचा.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेल्या होतात, आणि घरातले देव नुकतेच पूर्णेत सोडलेले होते. दीक्षा घेतलेलं घर. देवळीत देवांच्या जागी कंदील होता. देव सोडताना सासूबाई रडल्या म्हणे, आणि तुम्ही मात्र टोपली स्वतःच्या डोक्यावर घेऊन नदीपर्यंत गेलात. "त्यांनी माजं काय भलं केलं व्हतं? म्या कशाला रडू?" असं तुम्हीच मला सांगितलं होतं. प्रतिज्ञा तुम्हाला माझ्याहून पाठ. धडाधडा म्हणायचात, मध्ये श्वाससुद्धा न घेता. आणि विहारातून आलात की परसात न्हाणीमागं बसून कुणाच्या तरी लेकरावरून मीठमिरच्या ओवाळायचात.

मी सातवी शिकून आलेली, मला ते कसं चालावं? आपलं पहिलं भांडण त्याच्यावरनंच झालं. मी म्हणाले, "आक्का, हे सोडलंय ना आपण?" तुम्ही निवांतपणे मिरच्या चुलीत टाकत म्हणालात, "देव सोडले कमल, मीठ कुठं सोडलंय? यात देव कुठं हाय दाखीव. मीठ हाय, मिरची हाय, इस्तू हाय."

"मग मंतर कुणाचा म्हणायल्या?"

"मंतर कशाचा? मी तर निसत्या शिव्या द्यायले."

आणि ते खरंच होतं. ताप आलेल्या लेकरापुढं बसून तुम्ही तापाला चिवट पाहुण्यासारखं हाकलायचात. "ऊठ, लय बसलास. लेकराच्या अंगावर बसून काय खायलायस? इथं भाकर न्हाई तुला. चल, नीघ." माझ्या सुजाताला गोवर आला तेव्हा तुम्ही तिच्या उशाशी हेच म्हणत होतात, आणि मध्येच माझ्याकडं वळून म्हणालात, "परभनीहून औषद बी आन बाई. त्येचं त्ये करंल, माजं मी करते." सुजाता औषधानं बरी झाली. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पण तुमच्या शिव्या ऐकताना माझी भीती ओसरायची, आणि त्याबद्दल मी तुम्हाला कधी शब्दानं काही बोलले नाही. तुम्हीही कधी विचारलं नाहीत. आपल्यात तसली बोलणी नव्हतीच.

तुम्हाला ना कुणी गुरू, ना अमावास्या, ना कोंबडं. ताडकळसच्या बाजारात तो अंगारेवाला घुमत बसायचा, त्याला पाहून तुम्ही नाक मुरडायचात. "खामखा लोकायला भ्या घालायला," म्हणायचात. तुमचं काम एकटीचं होतं. कुणी शिकवलं म्हणून एकदा विचारलं, तर म्हणालात, "कोन शिकवनार? एकटी ऱ्हायली का बाईला काहीबाही सुचतंय."

त्या काहीबाहीतलंच एक म्हणजे पायाची माती. आपल्या भागात कुणी कुणाच्या पावलाखालची माती उचलली तर ती त्याचं वाटोळं करायला, हे शेंबडं पोरही जाणतं. माती न्यायची, बिब्ब्यासंगं पुरायची, माणूस झिजून मरतो. तुम्ही त्याचं नेमकं उलटं केलंत. घरातलं कुणी परगावी निघालं की अंगणातल्या त्याच्या शेवटच्या पावलातली चिमूटभर माती उचलायची, लुगड्याच्या फाटक्या तुकड्यात पुरचुंडी बांधायची आणि कनवटीला खोचून ठेवायची. माणूस परत आलं की माती होती तिथं सांडायची, वर पाणी शिंपडायचं. "जिथनं गेलाय तिथली माती आपल्यापाशी आसली का माघारी यावंच लागतंय," हा तुमचा हिशेब. मी हसायचे. म्हणायचे, एसटीवाल्यांना सांगा, त्यांच्या गाड्या वेळेवर येतील. तुम्हीही हसायचात, पण पुरचुंडीवरचा हात काढायचा नाहीत.

हळूहळू शेजारच्या बायांना कळलं. विहारात पुढं बसणाऱ्या बाया परसाच्या दारानं यायला लागल्या. मग वरच्या आळीतल्याही बोलावू लागल्या. त्यांच्या उंबऱ्याच्या आत तुम्हाला घेत नव्हत्या, तर तुम्ही बाहेर उन्हात उभं राहून त्यांच्या लेकरांची दृष्ट काढायचात, आणि वाटेत भेटल्या तर त्या ओळख दाखवायच्या नाहीत. मी चिडायचे. तुम्ही म्हणायचात, "लेकरानं काय केलंय?"

आणि तुमचा भाऊ. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मीही म्हणते. शाळेत मास्तर, विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष, दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर बोलणार. पण परभणीला जायचं असलं, बदलीचं काम असो की ऑफिसात हेलपाटा असो, की निघताना अंगणात सडा टाकलेल्या ओल्या जागी ते थांबायचे. चपलेत खडा गेला म्हणून चप्पल काढायचे, झटकायचे. तेवढ्यात अनवाणी पाऊल ओल्या मातीत नीट दाबायचे. मग चप्पल घालून एसटीच्या रस्त्याला लागायचे. ते काही बोलायचे नाहीत, तुम्हीही काही बोलायचा नाहीत. ते वळणाआड गेले की तुम्ही वाकून माती उचलायचात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं खरंच खडा गेला असेल. दर खेपेला खडा जायला लागला तेव्हा समजले.

मी एकदा तुम्हाला म्हणाले, "त्यांना तोंडानं मागता येत न्हाई का?" तुम्ही म्हणालात, "त्येची आब्रू हाय बाई गावात." तुमच्या अब्रूचं काय, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण तुम्ही उठून गेलात. नेहमीसारख्याच.

मग दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी चंद्रभागा आली. आपल्याच गल्लीतली, विधवा, एकुलता एक धर्मा. मी चुलीपुढं भाकरी थापत होते, तिचा शब्दन् शब्द मी ऐकलाय. "आक्का, धर्मा येलदरीला कामाला निघालाय. त्येची माती ठिवा बाई. माजा जीव थाऱ्यावर न्हाई." तुम्ही म्हणालात, "ठिवते." धर्मा उंच, हसरा पोरगा. त्यानं तर अंगणात मुद्दाम दोन्ही पाय आपटले आणि म्हणाला, "घ्या आक्का, लागंल तेवढी घ्या."

तो येलदरीच्या धरणाच्या पाण्यात बुडाला. कुणाचं तरी जाळं अडकलं होतं, ते सोडवायला उतरला. पोहता येत नव्हतं.

खबर आली त्या दिवसापासून तुम्ही जेवला नाहीत. लोकांना वाटलं शोकानं. शोक होताच. पण मला माहीत आहे, तुमच्या कनवटीला धर्माची माती होती आणि तिचं काय करायचं ते तुम्हाला समजत नव्हतं. आलेल्याची माती अंगणात सांडायची. न आलेल्याची कुठं सांडायची? विचारायचं कुणाला? गुरू नव्हता, जोडीदारीण नव्हती. तुम्ही त्या न्हाणीमागं पुरचुंडी हातात घेऊन बसलेल्या होतात, आणि मी तुम्हाला इतकं एकटं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी शेजारी येऊन बसले. म्हणाले, "आक्का, फेकून द्या. कुणाला सांगू नका."

"लेकराच्या पायाची माती उकिरड्यावर फेकू?"

"मग नदीत सोडा."

"पान्यानंच खाल्लंय त्येला, आन् माती बी पान्यातच टाकू?" तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. "तिच्या लेकाची हाय. तिची तिला देते."

मी तुमचा हात धरला होता, आक्का. जाऊ नका म्हणाले, लोक बसलेत तिथं, लोक काय समजतील. तुम्ही म्हणालात, "तिनंच ठिवाय लावली व्हती की. ती सांगंल." ही तुमची चूक. मीठ ओवाळणं नव्हे, माती ठेवणं नव्हे. "ती सांगेल" यावर भरवसा ठेवणं ही चूक. हे भांडण आपलं कधी मिटलं नाही, आणि आता मिटणारही नाही.

तुम्ही गेलात. दुखवट्याला आलेल्या साऱ्या पाहुण्यारावळ्यांपुढं चंद्रभागेच्या पुढ्यात पुरचुंडी सोडलीत आणि म्हणालात, "ही तुज्या धर्माच्या पायाची माती. तुजी तुला." मग तिची भावजय किंचाळली, "हिच्यापाशी कशी आली माती? करनी केली हिनं. लेकरू खाल्लं." तुम्ही चंद्रभागेकडं पाहत उभ्या राहिलात. तिनं ती माती मुठीत घेतली, छातीशी धरली आणि मान खाली घातली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. लेक गेलेली आई, तिच्यावर मी काय रागवायचं? पण रागावले आहे. आजही रागावलेली आहे. तिनं ती माती अजून जपून ठेवली आहे असं ऐकते, आणि तुमचं नाव निघालं की उठून जाते.

मग विहारात बैठक. गुरुजी परभणीला गेलेले, त्यांना निरोप गेला. ते एसटीतून उतरले ते थेट विहारातच आले, घरी पाऊल न टाकता. म्हणजे त्यांची माती अजून तुमच्या कनवटीला होती. तुम्ही मध्ये उभ्या, मी तुमच्या पायाशी बसलेली, ते समोर सतरंजीवर. त्यांनी विचारलं, "गयाबाई, धर्माच्या पायाची माती तू घेतली होतीस का?" 'गयाबाई' म्हणाले. त्याआधी आयुष्यात त्यांनी तुम्हाला आक्काशिवाय हाक मारली नव्हती.

"व्हय."

"कशासाठी?"

तुम्ही पुन्हा चंद्रभागेकडं पाहिलंत. ती भिंतीला टेकून बसली होती. तुम्ही म्हणालात, "ठिवली व्हती."

मागून कुणीतरी ओरडलं, "आनखी कुनाकुनाची हाय तुज्यापाशी? दाखीव."

गुरुजींचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. पांढरा फटक. मी उठायला गेले. सगळं सांगणार होते, चंद्रभागेनं काय मागितलं ते, खडा कसा दर खेपेला जातो ते, सगळं. तुम्ही माझ्या शेजारीच उभ्या होतात. असा चिमटा काढलात दंडाला की काळानिळा झाला, आणि मोठ्यानं म्हणालात, "कुनाची न्हाई." तुम्ही खोटं बोललेलं मी तेवढंच ऐकलं. मग मंडळानं सांगितलं ते सगळं तुम्ही म्हणालात. चुकले. पुन्हा करनार न्हाई. मंडळानं माफ केलं. गुरुजींनी कपाळावरचा घाम पुसला.

लोक याला तुमचा मोठेपणा म्हणतील, जर त्यांना कधी कळलं तर. मी नाही म्हणत. एक माणूस वाचवायला तुम्ही स्वतःला कायमचं बुडवलंत, आणि मला विचारलंसुद्धा नाहीत. तुमच्यासोबत या घरात मलाही जगायचं होतं. नंतरची वर्षं कशी गेली? हापशावर तुम्ही आलात की बाया घागरी उचलायच्या. पोरं वाटेत दिसली की त्यांच्या आया त्यांना पोटाशी ओढायच्या, त्याच आया, ज्यांच्या पोरांवरून तुम्ही मीठ उतरवलं होतं. सुजाताला बघायला पाहुणे आले तेव्हा गुरुजींनी तुम्हाला गोठ्यात बसायला सांगितलं. तुम्ही बसलात. पाहुणे जाईस्तोवर शेणामुतात बसलात, आणि नंतर मला विचारलंत, पोरगा रंगानं कसा हाय म्हणून. मी तुमच्या लुगड्यावरचं शेण धुवायला पाणी आणायला गेले.

ते सगळं तुम्ही खरोखरच सोडलंत. गुरुजी मात्र परगावी जाताना अंगणात थांबतच राहिले. चप्पल काढायची, झटकायची, पाऊल दाबायचं. तुम्ही पाठ फिरवून ज्वारी निवडत बसायचात. ते थोडा वेळ उभे राहायचे, मग निघायचे. मी एकदा विचारलं, "आक्का, रागानं सोडलंत का शब्द दिला म्हणून?" तुम्ही सुपातले खडे वेचत राहिलात. मग म्हणालात, "मला एकटीला येत व्हतं गं. सगळ्यायनी बघितल्यावर त्यातलं समदं निघून गेलं." एवढंच. मला वाटतं, माणसांनी तुमच्याकडून जे हिसकावलं ते हेच होतं. तुमच्या जिंदगीत तुमचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि तेही चव्हाट्यावर नेऊन संपवलं.

शेवटी दम्यानं तुम्हाला नेलं. थंडीचे दिवस, गोधडीत बसून तुम्ही रात्रंदिवस धापा टाकायचात. गल्लीतलं कुणी विचारपूस करायला आलं नाही. तोंडात पाणी मी घातलं. चंद्रभागा अंत्ययात्रेला आली आणि सगळ्यांत मोठ्यानं रडली. रडू दिलं मी तिला. बाकी काय करणार होते?

आज दुपारी मी नदीवरून तुमच्या गोधड्या धुऊन आले तर गुरुजी तुमच्या खोलीत होते. लोखंडी पेटी उघडलेली, लुगडी जमिनीवर, आणि ते एकेका लुगड्याचा काठ बोटांनी चाचपत होते. मला पाहून म्हणाले, "काही न्हाई, कागद बघायलोय." तुम्हाला अक्षर येत नव्हतं आक्का, तुमच्या पेटीत कसला कागद? मी गोधड्या दोरीवर टाकायला गेले. ते मागोमाग अंगणात आले. हळू आवाजात म्हणाले, "कमल, बैठकीच्या दिवशी माझी माती होती का गं तिच्यापाशी?"

"व्हती," मी म्हणाले.

"मग तिनं ती परत सांडली का? का तशीच ऱ्हायली?" मग म्हणाले, "ती गेल्यापासून मला झोप न्हाई. घास उतरंना. गेलेल्या माणसापाशी आपली माती असली म्हंजे ते माणूस..." काल ज्यांनी तुमच्या नावानं लोकांना माना डोलवायला लावल्या, ते आज तुम्हाला भ्यायला लागलेत. तुम्ही तिकडून ओढून न्याल, असं वाटतंय त्यांना. इतक्या वर्षांत त्यांनी आपल्या बहिणीला एवढंच ओळखलं.

मला ठाऊक आहे ती माती कुठं आहे. त्याच संध्याकाळी तुम्ही विहारातून आलात, कुणाशी न बोलता अंगणात वाकलात, पुरचुंडी सोडलीत, माती त्यांच्या पावलाच्या जागी सांडलीत आणि वर तांब्यातलं पाणी शिंपडलंत. भाऊ सुखरूप परत आला होता ना. मी दारात उभी राहून पाहिलं. आज त्यांना हे सांगितलं असतं तर ते पोटभर जेवले असते, आणि येत्या पौर्णिमेला अंधश्रद्धेवर आणखी एक भाषण झालं असतं. तुम्ही असता तर सांगून मोकळ्या झाला असता. मी तुमच्यासारखी नाही.

मी म्हणाले, "सांगते. पण इथं न्हाई. विहारात सगळ्यांपुढं उभं राहून विचारा, माझ्या पायाची माती गयाआक्कापाशी व्हती, मीच तिला देत व्हतो, ती कुठं हाय? चंद्रभागा समोर असताना विचारा. मग सांगते."

ते खाली बसले. माझ्या गोधड्या वाळत घालून झाल्या, ज्वारी दळून झाली, आता दिवस कलला. ते अजून अंगणातच बसलेत, आक्का, आणि मी काही त्यांना उठवायला जाणार नाही.